फुकटचा कर्णा

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर रुसली, आणि तीही भर जत्रेत, साऱ्या गावाच्या देखत. गुरू म्हणजे माणदेशातल्या एका गावातले वृद्ध व्यापारी होते. घोंगड्यांच्या व्यापारात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि गाव त्यांना नुसतं आबा म्हणे. शिष्येचं नाव वैजयंता. तिचे वडील आणि भावकीतली आणखी चार घरं मागावर घोंगडी विणत, आणि त्यांचा माल विकण्याची जबाबदारी हिनं आपल्या अंगावर घेतली होती. रुसण्याचं कारण कळायचं तर आपल्याला थोडं मागं जावं लागेल.

वैजयंता शिक्षण संपवून गावी परतली, तेव्हा आबांचे गुडघे थकले होते. या जत्रेतून त्या जत्रेत फिरणं त्यांना आता झेपत नव्हतं. आपली विद्या कुणाला तरी द्यावी असं त्यांच्या मनात होतंच. त्यांनी या मुलीला जवळ बसवून लोकर पारखायला शिकवलं, वीण बघायला शिकवलं. विणून झालेल्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात, ती सगळीकडं सारखी बसली आहे की नाही, हे नुसता हात फिरवून कसं ओळखायचं तेही शिकवलं. मुलगी हुशार होती. एवढं शिकून झाल्यावर तिनं आबांसारखी गावोगाव फिरण्याऐवजी मोबाइलवर एका मोठ्या ऑनलाइन बाजारात आपलं दुकान मांडलं.

सुरुवातीचे दिवस बेताचे होते, पण सुखाचे होते. त्या बाजारात कुणी एखादा शब्द लिहून वस्तू शोधू लागला, की आपली वस्तू वर दिसावी म्हणून दुकानदाराला जाहिरातीचे पैसे मोजावे लागतात. जाहिरातीवर कुणी नुसतं बोट टेकवलं तरी पैसे कापले जातात, मग तो माणूस वस्तू घेवो अथवा न घेवो. वैजयंताच्या गाठीला पैसे थोडे. म्हणून ती एकेक शब्द पारखून निवडी. 'घोंगडी' हा शब्द तिनं घेतला, 'लोकरीचं आसन' घेतला, आणि तिथंच थांबली. ऑर्डरी थोड्या येत, पण ज्यांना घोंगडं म्हणजे काय हे ठाऊक आहे त्यांच्याच येत. परत काही येत नसे. तिच्या भरवशावर वडिलांनी आणि भावकीनं ठोक व्यापाऱ्याला माल देणं बंद केलं, आणि घोंगडं न् घोंगडं तिच्या हवाली केलं.

आणि मग एके दिवशी बाजाराकडून तिला संदेश आला. अभिनंदन, तुमच्या दुकानाला जाहिरातीसाठी क्रेडिट मिळालं आहे! क्रेडिट म्हणजे बाजारानं दिलेले पैसेच, फक्त ते हातात येत नाहीत. त्यांतून ना भाजी आणता येते, ना लोकर. त्याच बाजारात, त्याच बाजाराच्या जाहिरातीसाठी ते वापरायचे, आणि महिनाअखेरपर्यंत वापरले नाहीत तर ते आपोआप नाहीसे होतात. रक्कम मात्र वैजयंतानं स्वतःच्या खिशातून कधी खर्चली नसती एवढी मोठी होती.

इथं तिची चूक झाली. तिला हावरट म्हणून आपण मोकळं होऊ नये, कारण ही चूक तिच्या घरच्या चांगल्या वळणातूनच आली. ज्या घरात पिंजताना उडालेली लोकरीची चिमूटही वेचून उशीत भरतात आणि उरलेली खळ शेजारच्या मागाला देतात, त्या घरात वाढलेल्या मुलीला कुठलीच गोष्ट वाया जाताना बघवत नाही. महिनाअखेर जवळ येऊ लागली आणि क्रेडिट तर बरंचसं शिल्लक! तिच्या जिवाला घोर लागला. तिनं भराभर शब्द वाढवले. 'ब्लँकेट' घेतला, 'मऊ ब्लँकेट' घेतला, 'बाळाचं पांघरूण' घेतला, 'लग्नाची भेट'सुद्धा घेतला. पैसे आपले थोडेच जाणार होते!

ऑर्डरींचा नुसता पाऊस पडला. वडिलांनी कौतुकानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, भावकीतल्या चुलत्यानं बंद पडलेला माग पुन्हा जोडला. घरात आठवडाभर बांधाबांध चालली होती, आणि जेवायला बसायलाही कुणाला सवड नव्हती.

पुढच्या पंधरवड्यात घोंगडी परत येऊ लागली. 'अंगाला टोचतं.' 'पुठ्ठ्यासारखं कडक आहे.' 'मेंढरांचा वास येतो.' 'बाळाला पुरळ उठलं, तुम्हाला लाज वाटायला हवी.' हे शेवटचं वाचून वैजयंता रडली. तिनं कुणाला फसवलं नव्हतं, घोंगड्यात काही खोट नव्हती. घोंगडं टोचतंच. परत आलेल्या मालाचा टपालखर्च तिच्या खात्यातून गेला. काही घोंगडी डाग पडून आली, एकाला तर कुत्र्याचे केस चिकटले होते. गिऱ्हाइकं दुकानाला देतात ते तारे उतरले. भरीस भर म्हणजे क्रेडिट कधीच संपलं होतं आणि जाहिराती मात्र तिच्या स्वतःच्या पैशांवर चालूच होत्या.

तिनं बाजाराच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"मॅडम, क्रेडिट संपल्यावर जाहिरात आपोआप पुढे चालू राहते. ती तुम्ही बंद करायची असते."

"अहो, मग क्रेडिट संपलं हे सांगायचं तरी!"

"अटींमध्ये दिलेलं आहे मॅडम. आणखी काही मदत करू शकतो का?"

हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नकोच असतं. वैजयंतानं पैसे परत मागणारी तक्रार लिहून पाठवली आणि सगळ्या जाहिराती बंद केल्या. दोनच दिवसांनी बाजाराची नोटीस आली. परत येणाऱ्या मालाचं प्रमाण या हंगामात कमी झालं नाही, तर तुमचं दुकान बंद करण्यात येईल.

आता मात्र तिचं धाबं दणाणलं. दुकान बंद झालं तर वडिलांनी माल कुणाला द्यायचा? ज्या ठोक व्यापाऱ्याला त्यांनी तोंडावर नाही म्हटलं होतं, त्याच्याच दारात जाऊन उभं राहायचं? चुलत्यानं नव्यानं जोडलेल्या मागाचं काय? ती तशीच उठून आबांकडं गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. आबांनी ते निवांतपणे ऐकलं. मधे एकदा फक्त विचारलं, "बाळाचं पांघरूण?" तिनं मान खाली घातली.

"सोमवारी सिद्धनाथाची जत्रा हाय," आबा म्हणाले. "परत आलेली घोंगडी झटकून, उन्हं दाखवून ठेव. आपण पाल ठोकून दुकान मांडू."

त्या वर्षी जत्रेच्या कमिटीनं एक नवी टूम काढली होती. देवळासमोरच्या लाउडस्पीकरच्या कर्ण्यावरून प्रत्येक दुकानदाराला आपल्या मालाची हाळी द्यायची संधी, तीही फुकट. हे कळताच वैजयंताला हुरूप आला. तिनं मजकूर मनात जुळवला: उबदार, आरोग्यदायी, लहानथोर सर्वांसाठी, एकदा याल तर पुन्हा याल. त्यांच्या पालाला लागूनच एका चादरवाल्याचं दुकान होतं. मऊ सोलापुरी चादरी, रंगीबेरंगी, फुलांच्या नक्षीच्या. त्याच्यापुढं आपली काळी घोंगडी कोण बघणार, अशी धास्ती तिला होतीच. कर्ण्यावरूनच काय ते साधायचं होतं.

त्यांची पाळी आली. वैजयंता पुढं सरकली, तोच आबांनी माइक आपल्या हातात घेतला.

"सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं! मंडळी, आमच्याकडं घोंगडी हायती. घोंगडं अंगाला टोचतं. नवं घोंगडं खळीनं कडक असतं, भिताडाला टेकवून ठेवलं तर उभं ऱ्हातं. भिजलं की मेंढरांचा वास येतो. लेकरासाठी, बाळंतिणीसाठी, लग्नात द्यायसाठी मऊसूत काय पायजे असंल, तर आमच्या शेजारच्या चादरवाल्याकडं जावा, त्याचा माल चांगला हाय. ज्याची कंबर धरलीय, ज्याला भुईवर निजायचंय, ज्याला रानात राखण करायची हाय, त्यानं आमच्याकडं यावं."

एवढं बोलून त्यांनी माइक परत दिला.

जत्रेत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "म्हातारबा, माल इकताय का हाकलताय?" पुन्हा हशा. लोकांचा लोंढा खरोखरच चादरवाल्याकडं वळला. त्याला पैसे घ्यायला आणि चादरी उलगडायला दोन हात पुरेनात. वैजयंताचा चेहरा लालबुंद झाला. ज्या माणसानं आपल्याला धंदा शिकवला, त्यानंच चारचौघांत आपल्या मालाची अब्रू घालवली असं तिला वाटलं, आणि वाटणारच.

"आबा, अहो काय केलंत हे?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. "उरलंसुरलं दुकान बुडवायला निघालात का? फुकट मिळालेली संधी, आणि तुम्ही ती शेजाऱ्याला देऊन टाकलीत!"

आबांचं लक्ष पालासमोर आलेल्या एका बाईकडं होतं. बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"टोचतं म्हनला न्हवं?" ती म्हणाली. "माझ्या आयशीचं होतं, तेबी टोचायचं. गादीवर झोपून झोपून माझं कंबारडं गेलं बघा."

आबांनी एक घोंगडं उलगडून तिच्या उघड्या दंडावर टाकलं आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ही त्यांची जन्माची रीत होती. गिऱ्हाइकाच्या उघड्या अंगाला घोंगडं लागल्याशिवाय त्यांनी कधी भाव सांगितला नाही. बाईनं डोळे मिटले आणि ओळखीचं माणूस भेटावं तशी ती हसली. आबांनी भाव सांगितला, तिनं घासाघीस न करता पैसे दिले.

नंतर उसाच्या फडाची राखण करणारा एक गडी आला. मग निवृत्त झालेले एक एसटी ड्रायव्हर आले. त्यांना वैद्यानं भुईवर निजायला सांगितलं होतं. एक हौशी तरुण जोडपं आलं. आबांनी त्यातल्या नवऱ्याच्या मनगटावर घोंगडं टाकलं, त्यानं चटकन हात मागं घेतला. आबांनी घोंगडं घडी करून ठेवून दिलं आणि शेजारी बोट दाखवलं. जोडप्याजवळ पैसे तयार होते! वैजयंता ओठ आवळून दुसरीकडं बघत बसली.

दुपार कलल्यावर चादरवाला आपणच चहा घेऊन आला. तो जरा संकोचला होता. "आबा, तुमच्या बोलण्यानं माझा निम्मा माल गेला. असं कुणी करतं का हो?" असं म्हणून तो परत गेला, आणि थोड्या वेळानं एका धनगराला हाताला धरून घेऊन आला. "हे माझ्याकडं चादर बघत होते. मी म्हटलं, बाबा, मेंढरांमागं फिरणाऱ्याला माझी चादर काय पुरणार? तुम्ही तिकडं चला." त्या धनगरानं दोन घोंगडी घेतली. संध्याकाळपर्यंत चादरवाल्यानं आणखीही काही माणसं पाठवली.

पाल उतरवायची वेळ झाली तेव्हा घोंगडी बरीच उरली होती. वैजयंता दोरी सोडत होती. राग निवळला होता, पण कोडं सुटलं नव्हतं.

"आबा, चांगलं तेवढं सांगितलं असतं तर सगळी गेली असती."

"गेली असती," आबा म्हणाले. "आणि उद्या परत आली असती. जत्रेतला माणूस घरी नेऊन शिव्या देतो, तुझ्या मोबाइलातला डबा बांधून धाडतो. एवढाच फरक."

ते घोंगड्यांच्या गठ्ठ्यावर टेकले. "पोरी, तू पदरचं पैसं खर्चून हाक मारायचीस, तवा कुणाला हाक मारायची त्याचा इचार करायचीस. फुकटचा कर्णा हाती आला आणि तू समद्या गावाला हाक मारलीस. हाक मारायला पैसं पडलं न्हाईत हे खरं. पर आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं माघारी लावायला लई पडतात. आणि ते ज्यानं कर्णा दिला त्याचं जात न्हाईत, आपलंच जातात. त्याला काय, गर्दी झाली की त्याचं काम झालं."

"पण आबा, तुम्ही माणसाच्या अंगावर घोंगडं टाकून बघता. माझ्या दुकानात माणूसच समोर नसतो. मी कसं बघू?"

"म्हणून तर टोचतं हे बोलायचं," आबा म्हणाले. "मी अंगावर टाकतो, तू बोलण्यातनं टाक. ज्याला सोसणार न्हाई तो तिथंच हात मागं घील. जाहिरात गिऱ्हाईक बोलवायला असती हे समद्यांना कळतं. जे आपलं न्हाई त्याला दारातनंच, मानानं, दुसरी वाट दाखवायलाबी ती असती. ते केलं की जे आत येतंय ते टिकतं."

वैजयंतानं गठ्ठा उचलून गाडीत टाकला. वाटेत तिनं आबांना एवढंच विचारलं की खळीचा कडकपणा जायला साधारण किती वापर लागतो. आबांनी सांगितलं, आणि तिनं ते मनात टिपून ठेवलं.

घरी आल्यावर तिनं दुकानातली सगळी माहिती नव्यानं लिहिली. पहिलंच वाक्य होतं: 'हे घोंगडं टोचतं.' कडक असतं हे लिहिलं, वास येतो हे लिहिलं, बाळासाठी घेऊ नका हे ठळक लिहिलं. मग त्याखाली ते कशासाठी चांगलं, तेही मोकळेपणानं लिहिलं. वडिलांनी ते वाचून कपाळाला हात लावला. "अगं, हे वाचून कोण घेईल?" ते म्हणाले. तिला स्वतःलाही धीर नव्हता, पण तिनं एक अक्षर बदललं नाही.

काही दिवसांनी तिच्या तक्रारीला उत्तर आलं. झालेल्या गैरसोयीबद्दल बाजारानं दिलगिरी व्यक्त केली होती आणि भरपाई म्हणून पुन्हा तेच, जाहिरातीचं क्रेडिट दिलं होतं. पैसे मागावेत आणि पुन्हा कर्णाच हाती यावा! ती चिडून आबांकडं गेली. "नको मला यांचं काही. नाकारते मी."

"नाकारतीस कशाला?" आबा म्हणाले. "कर्ण्याचा काय गुन्हा? बोलणारी तू."

तिनं क्रेडिट ठेवलं. जुने, पारखलेले शब्द पुन्हा घेतले. त्यांत विचार करून 'भुईवर निजायचं अंथरूण' हा एकच नवा शब्द घातला आणि महिनाअखेरच्या आदल्या दिवशी जाहिरात बंद होईल अशी तजवीज स्वतःच करून ठेवली. ऑर्डरी हळूहळू आल्या. पाऊस नव्हता, झिमझिम होती. हंगाम संपेपर्यंत परतीचा एकच डबा आला, आणि तोही पत्ता चुकल्यामुळे. दुकान बंद करण्याची नोटीस बाजारानं मागं घेतली. चुलत्याचा माग चालू राहिला, वडिलांना ठोक व्यापाऱ्याच्या दारात जावं लागलं नाही.

मधल्या काळात एका अनोळखी बाईचा संदेश आला. 'सासूबाईंसाठी घेणार होते. त्यांची कातडी फार नाजूक झाली आहे. तुम्ही स्पष्ट लिहिलंत म्हणून घेतलं नाही. उपकार झाले.' वैजयंतानं तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. एक गिऱ्हाईक गेलं होतं आणि आपल्याला आनंद झाला आहे, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

हे नवं क्रेडिट ज्या महिन्यात संपणार होतं, त्याच्या अखेरच्या दिवशी सकाळपासून बाजाराचे संदेश येऊ लागले. तुमचं क्रेडिट आज संपत आहे. अजून बरीच रक्कम शिल्लक आहे. त्वरा करा, आजच अधिक शब्द जोडा! वैजयंता आबांच्या ओसरीवर घोंगड्याची घडी घालत बसली होती. कोकणातल्या एका आंबेवाल्याला ते पाठवायचं होतं. बागेच्या राखणीसाठी हवं म्हणून त्यानं कळवलं होतं, आणि टोचत असेल तरच पाठवा, असंही गमतीनं लिहिलं होतं. फोन पुन्हा वाजला. आबांनी विचारलं, "काय म्हणतोय बाजार?"

"क्रेडिट वाया चाललंय म्हणतोय."

"मग?"

लोकरीची चिमूटही वाया न घालवणाऱ्या घरातली ती मुलगी. तिचा हात क्षणभर थांबला, हे आबांच्या नजरेतून सुटलं नाही. मग तिनं घडी नीट दाबली आणि दोरी ओढून गाठ मारली.

"जाऊ दे आबा," ती म्हणाली. "ज्यांना बोलवायचं होतं, त्यांना बोलावून झालं."

आबांनी पुढं होऊन गाठीवर बोट ठेवलं, म्हणजे तिला दुसरी गाठ घट्ट मारता यावी.

आपल्यालाही अधूनमधून कुणी ना कुणी फुकटचा कर्णा देऊन जातं. तो तोंडाशी धरण्याआधी समोरच्या गर्दीत आपली माणसं कोण, एवढं ज्यानं मनाशी ठरवलं, त्याला पुढं फारसं ओरडावं लागत नाही.